एका टॉवेलचं घर

लांब बाह्या

आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एक मुलगी नवी राहायला आली आहे. मे महिन्यात अंगाची लाही होत असताना ती मनगटापर्यंत बाह्यांचे कुर्ते घालते. परवा लिफ्टमध्ये तिनं बटण दाबायला हात वर केला, बाही थोडी घसरली, आणि तिनं ती इतक्या चपळाईनं खाली ओढली की मी मनात म्हटलं, बाई गं, तुला ओळखलं.

मी तिला काही विचारलं नाही. विचारलेलं आवडत नाही, हे मला चांगलं माहीत आहे. घरी आले, चहा केला आणि हे लिहायला बसले. लिहून झालं की तिच्या दाराच्या फटीतून आत सरकवेन म्हणते.

मला गजकर्ण झालं होतं. हसू आलं तर हसा. लोकांना मोठमोठे आजार होतात, ते त्यातून उठतात आणि त्यांचे अनुभव चारचौघांत ऐकले जातात. गजकर्णाची कहाणी कोण ऐकणार? पण नव्वदच्या दशकातल्या एका वर्षात या फुटकळ आजारानं आमचं जुईनगरचं घर मोडता मोडता राहिलं, म्हणून सांगते.

एक गोष्ट आधीच कबूल करते. खाज थांबावी म्हणून मला ज्या गोळ्या मिळत, त्यांनी भयंकर गुंगी यायची. त्यामुळे ते दिवस मला मलमलीच्या कापडातून पाहिल्यासारखे आठवतात. काही गोष्टी खरोखर घडल्या की गोळीनं दाखवल्या, हे आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. जमेल तिथं सांगत जाईन.

खळं

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. न्हावा शेवा बंदराची कामं करणाऱ्या एका कस्टम एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट. जुईनगरला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत आम्ही सहा माणसं राहायचो. बाबा तुर्भ्याच्या एका कारखान्यात फिटर होते. दादा कंटेनर यार्डात फोर्कलिफ्ट चालवायचा. आई, वहिनी, दादा-वहिनीची चार वर्षांची पिंकी आणि मी. समोर एक इमारत अर्धवट बांधून ठेवलेली होती. तिच्या स्लॅबवर सिमेंटची छोटी आळी करून पाणी साचवलेलं असायचं. दुपारी ऊन त्या पाण्यावर पडलं की त्याची तिरीप आमच्या छतावर येऊन हलत राहायची. तिच्यापलीकडे खारफुटी आणि खाडी.

पहिला डाग कमरेवर उठला, सलवारची नाडी बसते तिथं. रुपयाच्या नाण्याएवढा. कडा उंच आणि लालसर, मधली कातडी मात्र साफ. चंद्राला खळं पडतं ना, तसं. मला तो सुरुवातीला चक्क सुंदर वाटला होता. संध्याकाळपासून खाज सुटली आणि सौंदर्य संपलं.

आईनं पाहिल्या पाहिल्या नाव ठेवलं. "गजकर्ण हाय ह्ये. गावाकडं टाकळ्याचं बी लावतात." तिनं कुठून तरी टाकळ्याचं बी मिळवलं, लिंबाच्या रसात वाटलं आणि लावलं. मी घरभर नाचले. पिंकीला वाटलं आत्या खेळतेय, तीही माझ्यामागे नाचली.

मग ऑफिसातल्या मैत्रिणीनं एका ट्यूबचं नाव सांगितलं. मेडिकलवाल्यानं न विचारता दिली. लोण्यासारखी मऊ. चार दिवसांत डाग गेला. आठ दिवसांनी परत आला तो गणगोत घेऊन: कमरेवर, मांडीवर आणि मग उजव्या गालावर. मी आणखी ट्यूब चोपडली. हळूहळू त्याचं खळं मोडलं. कडा नाही, गोलाई नाही, नुसता लाल तुकतुकीत पसारा. आता त्याला कुणी गजकर्ण म्हणेना.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा माझ्या गालाकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. आईला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "वेळेवर दाखवा हो. तो दुसरा रोग नसेल ना?" दुसऱ्या रोगाचं नाव त्यांनी घेतलं नाही, आईनंही घेतलं नाही. ऑफिसात साहेब म्हणाले, "चार दिवस आराम करा." ते माझ्याकडे न बघता बोलले. मी त्या दिवशी ओढणी नाकापर्यंत घेऊन घरी आले आणि आरसा भिंतीकडे फिरवून ठेवला.

पिवळा टॉवेल

आता आमच्या घराचा कायदा सांगायला हवा.

सकाळी नळाला अर्धा तास पाणी यायचं. तेवढ्यात सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या. पहिले बाबा, कारण त्यांना पाळी गाठायची असे. मग दादा, मग मी, मग पिंकी, वहिनी, आणि सगळ्यांच्या शेवटी आई. बाथरूमच्या दाराला एक खिळा आणि खिळ्याला एक मोठा निळा टॉवेल. सगळ्यांचा तोच. दुसरा तसलाच धुवून गॅलरीतल्या तारेवर पडलेला असायचा. पावसाळ्यात तो वाळायचाच नाही. कंगवाही एकच, पाण्याचा तांब्याही एकच.

हे गरिबीमुळे नव्हतं. बाबांनी ठरवलं होतं म्हणून होतं. त्यांचं लहानपण खेडच्या बाजूच्या एका गावात गेलं. तिथल्या चहाच्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी एक कपबशी बाहेर छपरात खोचून ठेवलेली असे. ती आपणच काढायची, आपणच धुवायची आणि परत आपणच खोचायची. तिचा कान फुटलेला होता. सोळाव्या वर्षी बाबा मुंबईला आले, पुढे लग्न झालं, संसार मांडला. तेव्हा भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी लावून त्यांनी आईला एकच अट सांगितली होती. या घरात कुणाचं ताट, कुणाचा तांब्या, कुणाचं अंथरूण कधी वेगळं निघणार नाही. मला कांजिण्या झाल्या तेव्हासुद्धा मी बाबांच्या कुशीतच झोपले होते.

तर माझा गाल पेटल्यावर एका सकाळी गॅलरीच्या तारेवर एक पिवळा टॉवेल दिसला. वहिनीनं माहेरून आणलेला. तिच्या आणि पिंकीच्या वापराचा.

बाबांनी तो काढला, नीट घडी घातली आणि वहिनीच्या हातात दिला. "शोभा, ह्या घरात कुनाचं काय येगळं निघत नाय."

"बाबा, लहान पोर आहे ओ घरात," वहिनी म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "विशूताईंवर माझा राग नाही. पण मला टेन्शन येतं."

"तुला टेन्शन येतं. ज्याचं येगळं काढतात त्याला काय होतं, ते तुला ठाव नाय."

एवढं बोलून बाबांनी खिळ्यावरचा निळा टॉवेल घेतला. मी नुकतंच त्यानं तोंड पुसलं होतं, तो ओला होता. सगळ्यांसमोर त्यांनी त्या टॉवेलनं आपला चेहरा पुसला. सावकाश, दोन्ही गाल, कपाळ, मान.

"बघा. काय झालं मला?"

मला बाबांचा इतका अभिमान वाटला की हुंदका फुटला. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, असा बाप असल्यावर माणसाला औषधाची काय गरज. चोवीस वर्षांची होते, पण अक्कल बेताचीच.

पिंकीची वेणी रोज मी घालायचे. घरातला तोच कंगवा, तिचे मऊ केस. तीन दिवसांनी भांग पाडताना कानामागे सुपारीएवढी जागा दिसली. तिथले केस मुळाशीच तुटलेले, वर राखेसारखा कोंडा. मी कंगवा खाली ठेवला. वहिनीनं ते पाहिलं. दुपारी पिंकीला घेऊन ती पनवेलला माहेरी निघून गेली. जाताना पिवळा टॉवेल तिनं पिशवीत सगळ्यात वर ठेवला होता. दोन दिवसांनी दादाला निरोप आला: ज्या घरात आजाऱ्याची वस्तू वेगळी निघत नाही, तिथं मी पोर आणणार नाही.

मंगळवार

वाशीच्या एका मोठ्या दवाखान्यात मंगळवारी कातडीचे डॉक्टर बसायचे. मी आणि आई सकाळी जाऊन बाकावर बसलो. आजूबाजूला सगळी माणसं बाह्या, पदर, मफलर सांभाळत होती. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. त्या दुसऱ्या रोगाचं नाव मी वीस वेळा मनात म्हणून पाहिलं होतं, म्हणजे डॉक्टरांनी उच्चारल्यावर मी पडणार नाही.

डॉक्टरबाई वयस्कर होत्या. महाडकडच्या मुसलमान घरातल्या. आईचं बोलणं ऐकून लगेच तिच्याशी कोकणातल्या वळणावर गेल्या, तेव्हा आईचे खांदे जरा खाली आले. त्यांनी मला डोळे मिटायला लावले आणि कापसानं, मग टाचणीनं गालाला स्पर्श केला.

"कळतंय?"

"कळतंय."

"आता?"

"टोचतंय."

"मग ज्याला घाबरून आलीस ते नाही हे. आणि ते असतं तरी त्याला औषध आहे. एवढं मनात धरायचं नसतं."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. टाचणी टोचल्यावर इतका आनंद मला त्याआधी आणि त्यानंतर कधी झालेला नाही.

त्यांनी पात्याच्या बोथट बाजूनं कमरेवरचा कोंडा काचेवर खरवडून घेतला, त्यावर औषधाचा थेंब टाकला आणि थोड्या वेळानं मला सूक्ष्मदर्शकातून बघायला बोलावलं. पाण्याखालच्या गवतासारखे धागे दिसत होते, त्यांना फांद्या फुटलेल्या. माझ्या अंगावरचं रान. मी बराच वेळ बघत राहिले असणार, कारण बाईंनी मला खांद्याला धरून बाजूला केलं.

"गजकर्णच आहे. तुझ्या ट्यूबनं त्याचा चेहरा पुसून टाकलाय, म्हणून ओळखू येत नव्हतं. ती ट्यूब आजपासून बंद. घरात आणखी कुणाला?"

"कुनाला नाय," आई म्हणाली.

"पायाच्या बोटांत? बेचक्यात?"

"ह्यांच्या चिखल्या हायत, पन त्या कारखान्यातल्या बुटांमुळं. लई वर्षांच्या हायत. नखं पन खडूसारखी झालीत."

"जांघेत कुणाला?"

आईनं पदर तोंडाशी घेतला. मग पदराआडून म्हणाली, "थोरला घामोळ्याची पावडर लावत असतो. इचारलं की वसकन् अंगावर येतो."

"लहान मूल आहे का घरात? डोक्यात काही?"

"नातीला चाई पडलीया. म्हणून तर सून माहेरी गेली."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, चिखल्या, चाई, घामोळं, ही सगळी एकाच बहुरूप्याची सोंगं आहेत. अंगावर आला की चकली काढतो. डोक्यात शिरला की केस तोडतो. बोटांत चिखल करतो, नखात भुसा करतो. तुम्ही प्रत्येकानं त्याला वेगळं नाव देऊन घरात ठेवून घेतलंय. बहुतेक तुमच्या मालकांच्या बुटातून आलाय, पोरीच्या गालातून नाही." मग त्यांनी आईला वरपासून खालपर्यंत पाहिलं. हात, नखं, मान. "तुम्हाला कुठंच काही नाही?"

"नाय बा."

"कसं काय? अंग कशानं पुसता?"

आई ओशाळली. "माजी आंगूळ शेवटची. तवर टावेल पार चिंब झाल्याला असतो, त्यानं पुसून पन काय उपेग? मी आपलं जुन्या पातळाचा तुकडा ठेवलाय. मोरीमागं वाळत घालते."

बाई एकदम हसल्या आणि तितक्याच एकदम त्यांनी हसू आवरलं. "त्या तुकड्यानं वाचवलं तुम्हाला," त्या म्हणाल्या. मग कागदावर लिहायला लागल्या. गोळ्या, मलम, सगळ्या घराला एकदम उपचार. कपडे उकळायचे, उन्हात वाळवायचे. शेवटच्या ओळीवर त्यांनी दोनदा रेघ ओढली: टॉवेल, कंगवा, अंथरूण प्रत्येकाचं वेगळं.

जिना उतरताना आईनं तो कागद चार वेळा घडी करून ब्लाउजमध्ये खोचला. "बाकी समदं करतील," ती म्हणाली. "ह्ये शेवटलं त्यांना कोन सांगनार?"

दुपारच्या गोळ्या

सांगितलं मीच. बाबा म्हणाले, "गोळ्या खाऊ. मलम लावू. टावेल येगळा नाय."

"बाबा, डॉक्टर म्हणाल्या की ते तुमच्या पायातून आलंय."

"चिखल्या अख्ख्या कारखान्याला हायत. त्यानं कुनाचं केस गेलं नाय." आणि ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले. त्यांना राग आला नव्हता. राग आला असता तर भांडता आलं असतं. ते घाबरले होते, आणि बाबांना घाबरलेलं बघायची मला सवय नव्हती.

मग सुरू झाले ते मलमलीचे दिवस. सकाळी एक गोळी, तुपाच्या घासाबरोबर. ती रोगाची. दुपारी दुसरी, खाजेची. दुसरी घेतली की अर्ध्या तासात खोलीच्या कडा विरघळायला लागत. मी चटईवर पडून छताकडे बघायचे. समोरच्या स्लॅबवरच्या पाण्याची तिरीप छतावर गोल गोल फिरायची, एका खळ्यातून दुसरं खळं निघायचं. खाडीकडून वारा आला की सगळी खळी एकदम थरथरायची. मला वाटायचं, मी पाण्याच्या तळाशी आहे आणि वरून कुणी तरी खडे टाकतंय. कधी त्या खळ्यांवरून पिंकी एका पायावर लंगडी घालत यायची, डोक्यावर सगळे केस असलेली. मी म्हणायचे, ये, वेणी घालू. ती म्हणायची, कंगवा तुझा आहे. हे स्वप्न होतं. पण एकदा डोळे उघडले तेव्हा बाबा माझ्या उशाशी बसून आपल्या पायाची बोटं एकेक फाकवून बघत होते, तेही स्वप्न होतं का, हे मला माहीत नाही.

बाहेर ट्रक जायचे, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, आणि त्या सगळ्याशी माझा काही संबंध नसायचा. खरं सांगू? त्या दुपारी मला आवडायच्याही. इतकी वर्षं मी कुणाची तरी बिलं, कुणाच्या तरी कंटेनरचे नंबर टाइप करत होते. नुसतं पडून उजेड बघायला मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. आजारात अशी एखादी चोरटी मौज असते. ती मिळाली तर घ्यावी, अपराधी वाटून घेऊ नये.

दादा एकदा हळूच येऊन म्हणाला, "विशू, तुझ्या डॉक्टरीणबाईकडं जेंट्स डॉक्टर पण असतो काय गं?" मी हसले. दोन वर्षं हा माणूस फोर्कलिफ्टवर चुळबुळत बसत होता आणि घामोळ्याची पावडर उधळत होता. मी त्याला दुसऱ्या डॉक्टरांचा वार सांगितला. तो जाऊन आला आणि त्यानंतर पहिल्यांदा जेवताना स्वस्थ बसला.

मी गुपचूप माझं अंथरूण स्वयंपाकघरात हलवलं. बाबांनी ते कामावरून आल्यावर पाहिलं, उचललं आणि परत सगळ्यांच्या मध्ये आणून टाकलं. दोनदा. माझे डाग फिके व्हायचे आणि पुन्हा उठायचे. ओला निळा टॉवेल खिळ्यावर तसाच. पिंकीची आत्या म्हणून मला कळत होतं की बाबांनी हट्ट सोडला नाही तर ती परत येणार नाही. बाबांची मुलगी म्हणून हेही कळत होतं की तो हट्ट सोडायला लावणं म्हणजे त्यांच्या हातात ती फुटक्या कानाची कपबशी परत देणं. दोन्ही बाजूंनी माझंच मन फाटत होतं.

पनवेल

एका रविवारी बाबा अचानक मला म्हणाले, "चल, पोरीला बघून येऊ." आम्ही एसटीनं गेलो.

वहिनीचं माहेर तळ्याजवळच्या एका चाळीत. दुपारची जेवणं चालली होती. वहिनीची आई प्रेमळ बाई, आम्हाला बघून लगबगीनं उठली. आतल्या खोलीत सगळे गोल बसले होते. पिंकी त्यांच्यात नव्हती. ती मागच्या दाराच्या उंबऱ्यावर एकटी बसली होती. डोक्याला फडकं बांधलेलं, पुढ्यात छोटी थाळी. थाळीच्या काठावर नेलपॉलिशचा लाल ठिपका होता, ओळखायला.

"आजोबा!" ती ओरडली, आणि बाबा वाकून हात पुढे करणार इतक्यात मागे सरकली. "मला शिवू नका. आजीनं सांगितलंय. माझं ताट पन तिकडं ठेवायचं असतं, खिडकीत."

मी बाबांकडे पाहिलं नाही. मला धीर झाला नाही. त्यांच्या श्वासाचा आवाज मात्र ऐकला.

वहिनीची आई कावरीबावरी झाली. "डॉक्टर बोलले म्हणून ओ. पोरीच्या भल्यासाठीच केलं." ताट वेगळं काढायला कुठल्याच डॉक्टरांनी सांगितलेलं नव्हतं. कंगवा म्हणाले होते, टॉवेल म्हणाले होते. पण भीतीनं माणूस औषधाचा डोस आपल्या मनानं वाढवतो.

बाबा उंबऱ्यावर पिंकीच्या शेजारी बसले. त्यांनी बूट काढले. मोजे काढले. चिखल्यांनी पांढरे पडलेले, भेगाळलेले पाय त्यांनी पिंकीसमोर ठेवले.

"ह्ये बघ. माज्या पायातनं गेलंय तुज्या डोक्यात."

"दुखतंय?" पिंकीनं विचारलं.

"आता दुखतंय."

आणि त्यांनी तिच्या थाळीतला भात कालवला, एक घास तिला भरवला, एक स्वतः खाल्ला. थाळी रिकामी होईपर्यंत दोघं जेवली. वहिनी दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती.

परतीच्या एसटीत बाबा खिडकीशी बसले. कळंबोलीचे ट्रक मागे पडले. मग ते बोलायला लागले, कारखान्यात एखादा जॉब कसा बसवायचा ते समजावून सांगावं तसं. "एकाला येगळं काढलं की ते वाईट. बरोबर? चौघं गोलात आनि एक उंबऱ्यावर. पन गोलच नसंल तर? समद्यांचंच येगळं आसंल तर कोन येगळा?"

"कुणीच नाही, बाबा."

"कुनीच नाय," ते म्हणाले. मला झोप येत होती, गोळी घेतलेली होती. बाबांच्या खांद्यावर डोकं ठेवायला गेले आणि थांबले. त्यांनीच हातानं ओढून ठेवलं.

सहा आकडे

तीन दिवसांनी बाबा कारखान्यातून एक लोखंडी पट्टी घेऊन आले. घासून, रंगवून, तिच्यावर टॉवेल अडकवायचे सहा आकडे वेल्डिंग केलेले. पाच एका उंचीवर, एक खाली, पिंकीचा हात पोचेल असा. गॅलरीत भरपूर ऊन येतं त्या भिंतीवर त्यांनी ती ठोकली. मग रंग विचारत सुटले. दादाला तपकिरी. मला जांभळा. पनवेलला निरोप पाठवून वहिनीला विचारलं. तिनं सांगितलं, माझा पिवळा आहेच, पिंकीला गुलाबी हवा.

"तुला?" त्यांनी आईला विचारलं.

"मला कशाला? माजा तुकडा हाय की."

दवाखान्यात आई जे बोलली होती ते मी बाबांना सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. शेवटची आंघोळ, चिंब टॉवेल, मोरीमागं वाळणारा पातळाचा तुकडा. इतकी वर्षं ज्या घरात कुणाचं काही वेगळं नव्हतं, तिथं एक माणूस रोज सकाळी वेगळं होतं, आणि तसबिरीखाली बसून कायदा सांगणाऱ्या बाबांना ते दिसलं नव्हतं. मलाही दिसलं नव्हतं. बाबांनी मोरीमागं जाऊन तो तुकडा पाहिला. हातात घेतला, परत ठेवला. हातभर, एका कोपऱ्याला भोक पडलेला तुकडा होता तो.

"हिरवा आनतो," एवढंच ते म्हणाले.

वहिनी आणि पिंकी पुढच्या आठवड्यात आल्या. पिंकीच्या डोक्यावर कानामागे मऊ लव उगवायला लागली होती. सगळ्यांनी एकदम गोळ्या खाल्ल्या, मलमं लावली. बाबांना सर्वात जास्त दिवस लागले, कारण नखं फार सावकाश बदलतात. थंडी पडेपर्यंत माझा गाल स्वच्छ झाला आणि मी ऑफिसात परत टाइप करायला लागले. दुपारच्या खळ्यांची आठवण येते कधी कधी. समोरची इमारत नंतर पूर्ण झाली, स्लॅबवरचं पाणी गेलं.

पण मला सांगायचं आहे ते वहिनी आणि पिंकी परत आल्यावरच्या पहिल्या सकाळचं. गोळीची गुंगी उतरलेली होती, म्हणून हे नक्की घडलं. नळाला पाणी आलं आणि आईनं सवयीनं बाबांना हाक मारली. बाबा खाटेवर बसून राहिले. "आधी ती जाईल," ते म्हणाले. आई नको नको म्हणत गेली. आम्ही सगळे रांगेत थांबलो होतो, दादा घड्याळ बघत होता, पिंकी गुलाबी टॉवेल डोक्यावर घेऊन नाचत होती.

आई बाहेर आली. हिरवा टॉवेल तिनं गालाला दोन्ही हातांनी धरला होता आणि ती तो काढत नव्हती. केसांतून पाणी गळत होतं. मला वाटलं, रडते की काय. तिनं टॉवेलमधून तोंड बाहेर काढलं तर ती हसत होती, एखाद्या नवीन जागी आल्यासारखी.

"कोरडा टावेल असा लागतो होय गं?" तिनं मला विचारलं.